‘नंबर द्या, मग तक्रार घेतो’

लपवलेल्या नंबरवरून वारंवार त्रास देणाऱ्या फोनबद्दल आपल्याकडे जो काही सल्ला मिळतो, तो सगळा ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठीच असतो. उचलू नका. रात्री फोन बंद ठेवा. अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर नंबर बदला. सल्ला देणारे वाईट नसतात. कुणी नातेवाईक असतं, कुणी शेजारी, कधी चौकीतला हवालदारही असतो. पण जो त्रास देतोय त्याचं काय करायचं, हे त्यांपैकी कुणीच सांगत नाही.

‘नंबर बदला’ म्हणणाऱ्याने तो एकदा बदलून पाहावा. आधारला जोडलेला नंबर बदलून घ्यायचा. बँकेत फॉर्म भरायचा, आणि तो पुढे सरकेपर्यंत ओटीपी जुन्याच सिमवर येत राहणार. गॅसचं बुकिंग, पेन्शनचं खातं, विम्याचा हप्ता, सोसायटीचा ग्रुप, नातवाच्या शाळेत दिलेला ‘इमर्जन्सी’ नंबर, सगळीकडे कळवत बसायचं. आणि इतक्या लोकांना नवा नंबर कळवल्यावर तो त्रास देणाऱ्यापर्यंत पोचणार नाही, याची हमी कोण देणार? असे फोन करणारा पुष्कळदा ओळखीतलाच निघतो.

तक्रार करायला गेलं की काय होतं, ते गेलेल्यांना विचारा. ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न, ‘नंबर काय?’ तो दिसत नाही म्हटलं की, ‘मग आम्ही शोधायचं कसं? कंपनीकडून काढून आणा.’ कंपनीचं कस्टमर केअर आधी बराच वेळ संगीत ऐकवतं आणि मग सांगतं की ही माहिती आम्ही फक्त पोलिसांना देतो. खरं तर हे उत्तर बरोबर आहे, आणि ते बरोबर का आहे याकडे मी पुढे येणारच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की गुन्हा नोंदवायला धागा लागतो, धागा कंपनीत असतो, आणि कंपनीकडून तो मिळवायला गुन्हा नोंदलेला असावा लागतो. सरकारी यंत्रणाही याच चाकोरीतून जातात. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनची तक्रार १९०९ वर करायची तर फोन कुठल्या नंबरवरून आला ते लिहावं लागतं. मार्च २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ या आपल्या पोर्टलवर संशयास्पद फोनची तक्रार करण्यासाठी ‘चक्षू’ ही सोय सुरू केली. चांगली आहे, पण तिथलाही प्रश्न तोच. ज्याच्याकडे नंबर नाही त्याच्यासाठी रकानाच नाही.

यातली मेख अशी की नंबर लपलेला नसतोच.

फोन लावला की लावणाऱ्याचा नंबर जाळ्यातून पुढे जातो. लपवण्याची सोय म्हणजे त्या नंबरासोबत जाणारी एक खूण: हा दाखवू नये. ती खूण तुमच्या कंपनीच्या यंत्रणेपर्यंत येते, यंत्रणा ती वाचते आणि अगदी शेवटच्या पायरीवर, तुमच्या पडद्यावर नंबर पाठवायचा तेवढा थांबवते. रजिस्टर पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसावं पण पोस्टाच्या वहीत मात्र असावं, तसा हा प्रकार. तुम्हाला न दिसलेला तो नंबर कॉलच्या नोंदींत, ज्यांना पोलीस सीडीआर म्हणतात त्यांत, पडून असतो. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपाव्या लागतात. म्हणजे जो नंबर ‘काढून आणा’ असं एका बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला सांगितलं जातं, तो काढलेलाच असतो. फक्त ज्याच्या घरात फोन वाजला त्यालाच तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक आहे. फोनच्या सेटिंगमध्ये नंबर लपवण्याचा पर्याय दिसतो, त्यामुळे वाटतं की हे कुणीही करू शकतं. अमेरिकेत खरंच कुणीही करू शकतं, आधी स्टार ६७ दाबायचं. ब्रिटनमध्ये १४१. आपल्याकडे तो पर्याय निवडून बघा. एक तर फोन लागत नाही, नाही तर नंबर दिसतोच. कारण दूरसंचार कंपन्यांच्या परवान्यातच लिहिलं आहे की ही सोय ग्राहकांना सर्वसाधारणपणे देऊ नये. द्यायची तर ती का हवी आहे याची पडताळणी करावी. ज्यांना दिली त्यांची नावं-पत्ते पासवर्ड असलेल्या यादीत ठेवावेत, म्हणजे गैरवापर झाला तर सरकारी यंत्रणांना ती यादी पाहता येईल. कॉल सेंटरला आणि टेलिमार्केटिंगवाल्यांना तर ती देऊच नये. व्यवहारात ही सोय असते ती बड्या पदांवरच्या आणि सुरक्षेशी संबंध असलेल्या मंडळींकडे.

आता याचा अर्थ नीट बघा. देशातल्या देशात लपवलेल्या नंबरवरून कुणी त्रास देत असेल, तर सगळ्या त्रास देणाऱ्यांत शोधायला सोपा तोच. खोट्या कागदपत्रांवर सिम घेणाऱ्यामागे पोलिसांना वणवण करावी लागते. हा माणूस कारण सांगून, पडताळणी होऊन मिळालेली सवलत वापरतोय आणि त्याचं नाव यादीत आहे. तरीही ठाण्यात उत्तर मिळतं, ‘शोधायचं कसं?’

परदेशातून येणाऱ्या फोनचं गणित एवढं सरळ नाही, हे कबूल. तिकडे नंबर लपवणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि वाटेत तीन-चार कंपन्यांच्या हातांतून येताना मूळ नंबर गळूनही जातो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलला तर हवा तो नंबर चिकटवता येतो. फोन येतो भलत्याच देशातून आणि पडद्यावर दिसतो आपला प्लस ९१ चा नंबर. हे अडवण्यासाठी २२ ऑक्टोबर २०२४ ला सरकारने एक यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख बनावट कॉल अडवले, आणि भारतीय नंबर दाखवत बाहेरून येणाऱ्या कॉलपैकी ते जवळपास नव्वद टक्के होते. मनात आणलं तर काय होऊ शकतं याचा हा पुरावा आहे. मात्र इथे निकड होती ती फसवणुकीची, बँक खाती रिकामी होत होती. ज्या फोनमुळे कुणाचे पैसे जात नाहीत, फक्त झोप जाते, त्यांच्यासाठी इतकी धावपळ कुणी करत नाही.

झोपेचं म्हटलं म्हणून एका निवृत्त मुख्याध्यापिकांबद्दल सांगतो. आमच्याच इमारतीत राहतात, एकट्या. मुलगी परदेशात. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे आणि तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकोनांत मध्यंतरी दुसरी नोंद दिसायला लागली: ‘रा. १.४०’, ‘प. ४.१०, श्वास’, ‘रा. २, काही नाही’. एकदा ‘हसला’. फोन उचलायचा नाही हा सल्ला त्यांनाही मिळाला होता. पण मुलीचा फोन पुष्कळदा इंटरनेटवरून, कुठल्या तरी स्वस्त कार्डावरून येतो आणि तोही ‘अननोन’च दिसतो. तिकडे दुपार असताना इकडे मध्यरात्र. लपवलेले नंबर सरसकट बंद करण्याची सोय फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये तर २०१९ पासून यादीत नसलेला प्रत्येक नंबर आपोआप गप्प करता येतो. त्यांनी ती वापरली नाही, आणि मला त्यांचं पटतं. ज्या बाईची एकुलती एक मुलगी सात समुद्रांपार आहे, तिला फोन गप्प करायला सांगणं सोपं नाही. चौकीत कालनिर्णयची पानं बघून त्यांना विचारलं गेलं, ‘पण बाई, तो बोलला काय?’ काही बोलला नाही. ‘मग धमकी नाही ना?’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मिळाली, तेवढंच.

काही न बोलणं हा गुन्हा असू शकतो का, यावर इंग्लंडमध्ये खूप आधी निकाल लागला आहे. तिथे एका माणसाने तीन बायकांना वारंवार फोन करून नुसतं गप्प राहायचं सत्र चालवलं होतं. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठासमोर, प्रश्न आला, की हात न लावता, शब्दही न उच्चारता इजा होते का? उत्तर ‘होते’ असं आलं. पुढे काय होईल या भीतीत माणसाला ठेवणं हा हल्ला ठरू शकतो आणि त्यातून जडलेला मानसिक आजार ही शारीरिक इजाच, असं त्या न्यायाधीशांनी म्हटलं. शिवाय तिथल्या २००३ च्या संपर्क कायद्यात, दुसऱ्याला उगाच त्रास किंवा काळजी व्हावी म्हणून फोनचा वारंवार वापर करणं हा साधा, सरळ गुन्हा आहे. बाई की पुरुष, धमकी दिली की नाही, असले प्रश्न त्यात येत नाहीत.

आपल्या कायद्यात ही जागा रिकामी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर तो पाठलाग समजला जातो. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा दखलपात्र. बायकांनी अर्जात या कलमाचा आकड्यासह उल्लेख करावा, त्याने टेबलापलीकडचा सूर बदलतो. पण जो बोलतच नाही त्याला ‘नको’ म्हणायचं कसं, आणि तो पुरुषच आहे कशावरून, असा प्रश्न विचारणारे महाभाग भेटतात. कलम ३५१ च्या चौथ्या पोटकलमात ओळख लपवून धमकावण्याला दोन वर्षांपर्यंत जादा शिक्षा आहे. म्हणजे ओळख लपवणं ही गोष्ट जास्त वाईट, हे कायदा करणाऱ्यांना पटलेलं आहे. मात्र हा गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते, आणि एनसीचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही. ज्या गुन्ह्यात आरोपी मुळातच अज्ञात असणार तो तपासाशिवाय उलगडणार नाही हे उघड असताना, तपासाला बंदी असलेल्या खान्यात तो टाकून ठेवला आहे. आणि फोन घेणारा सत्तर वर्षांचा गृहस्थ असेल, धमकी नसेल, नुसती रोज रात्री रिंग असेल, तर लावायला कलमच सापडत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ रद्द केलं ते योग्यच होतं, त्याने लोकांची तोंडं बंद केली जात होती. पण संदेश कुणाकडून आला याबद्दल दिशाभूल करून त्रास देण्याविषयीचा एक तुकडाही त्याच कलमात होता. सुक्याबरोबर ओलंही जळालं. २०२३ मध्ये नवी संहिता लिहायला घेतली तेव्हा तो नेमक्या शब्दांत परत लिहिता आला असता.

तरीही माझा मुख्य भर कायद्यावर नाही. कलम वाढवलं तरी ठाण्यातला पहिला प्रश्न ‘नंबर काय?’ हाच राहणार. तो प्रश्न विचारण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करता येते, आणि ती जुनी आहे. अमेरिकेत त्रासाचा फोन आला, ठेवला, की लगेच स्टार ५७ दाबायचं. कंपनीच्या यंत्रणेत त्या कॉलचा नंबर, तारीख, वेळ वेगळी काढून ठेवली जाते, नंबर लपवलेला असो वा नसो. फोन घेणाऱ्याला नंबर सांगितला जात नाही. त्याने पोलिसात तक्रार केली की कंपनी ती नोंद पोलिसांच्या हवाली करते. फोर-जीवरच्या आवाजी कॉलसाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांतही त्रासदायक कॉल ओळखून नोंदवण्याची सेवा लिहिलेली आहे. म्हणजे नवीन काही शोधून काढायचं नाही. आपल्याकडे असा एक छोटा क्रमांक सगळ्या कंपन्यांत सारखा असावा, फुकट असावा आणि दाबल्यावर मेसेजमध्ये नोंदीचा क्रमांक यावा. ठाण्यात ‘नंबर काय?’ विचारलं की तो नोंदक्रमांक पुढे करायचा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, आणि दूरसंचार विभाग मिळून हे करू शकतात. जाहिरातींच्या फोनसाठी ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक केलेच ना? आधी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर कारवाई व्हायची, आता दहा दिवसांत पाच झाल्या तरी होते. क्रेडिट कार्ड विकणाऱ्याला जो चाप लावता येतो तो मध्यरात्री श्वास ऐकवणाऱ्याला का लावता येऊ नये?

आता कंपनीने नंबर थेट ग्राहकाला का देऊ नये, याबद्दल. पुष्कळ लोकांचा राग इथेच असतो, ‘माझ्या फोनवर आलेला कॉल, आणि मलाच सांगत नाहीत!’ राग समजतो, पण मागणी धोक्याची आहे. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आधारगृहात आलेली बाई मुलाशी बोलायला घरी फोन करते तेव्हा तिचा नंबर लपणं हेच तिचं संरक्षण असतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कॉलर आयडी आला तेव्हा अशा बायकांसाठी काम करणाऱ्या संघटनांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला होता, आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने तर १९९० मध्ये कॉलर आयडी बेकायदा ठरवला होता. इथे आपल्याकडे नोंदी बाहेर फुटल्या की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय सीडीआर मिळत नाही, ही अट म्हणूनच राहायला हवी. कंपनी ग्राहकाला नंबर देत नाही हे बरोबर आहे, असं वर म्हटलं ते यासाठी. ग्राहकाला नंबर नकोच आहे. नंबर योग्य हातात पोचला आणि त्या हाताने काहीतरी केलं, एवढंच हवं आहे.

यावर कुणी म्हणेल, लोक सूड म्हणून तो छोटा क्रमांक दाबून कुणाच्याही कॉलवर त्रासाची खूण करतील. करू देत. खूण म्हणजे गुन्हा नव्हे, फक्त नोंद जपून ठेवण्याची विनंती आहे. खोटी खूण तपासात उघडी पडते, आणि ज्याच्या नंबरवर एकदाच कुणी चिडून खूण केली त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. लपवलेल्या नंबरचा पडदा धोक्याच्या वेळी बाजूला करण्याचा नियम अमेरिकेने केलेलाच आहे. २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या ज्यू समाजकेंद्रांना बॉम्बच्या धमक्यांचे फोन आले. त्यानंतर त्याच वर्षी त्यांच्या दूरसंचार आयोगाने, धमकीच्या कॉलचा लपवलेला नंबर तपास यंत्रणांना तातडीने मिळावा असा बदल केला. गोपनीयतेचा एवढा बाऊ करणाऱ्या देशात हे झालं. आभाळ कोसळलं नाही.

आपल्याकडे सध्या वारं आहे ते नाव दिसण्याचं. फोन आला की सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव पडद्यावर यावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुढे सरकली. ही सोय सगळ्यांना आपोआप सुरू असेल, नको असेल त्याने बंद करायची. अनेकांना ती आवडेल. एखाद्या खासगी अॅपला आपली अख्खी फोनबुक वाचू देण्यापेक्षा हे बरं, असं मलाही वाटतं, जरी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर सिम असलेल्या कोट्यवधी बायकांच्या बाबतीत ते नाव खोटंच दिसणार असलं तरी. पण या योजनेतून कुणाला वगळलं आहे बघा. ज्यांच्याकडे नंबर लपवण्याची सवलत आहे त्यांचं नावही दिसणार नाही. म्हणजे भाजीवाल्याचं, रिक्षावाल्याचं, कॉलेजातल्या मुलीचं नाव अनोळखी माणसाच्या पडद्यावर झळकेल, आणि ज्यांनी नंबर लपवला आहे तेवढे पहिल्यासारखेच अदृश्य. सुरक्षेच्या कामातल्या माणसांसाठी हे समजू शकतं. पदाचा मान म्हणून मिळालेल्या सवलतीसाठी नाही.

म्हणून नाव दाखवण्याची सोय देशभर लागू करताना तिच्यासोबतच दोन गोष्टी व्हाव्यात. नंबर लपवण्याची सवलत किती जणांकडे आहे आणि त्यांतले सुरक्षेच्या कामाचे किती, पदामुळे मिळालेले किती, हे आकडे दूरसंचार विभागाने दर वर्षी प्रसिद्ध करावेत; नावं नकोत, आकडे पुरेत. आणि अशा एखाद्या जोडणीवर वेगवेगळ्या दिवशी तीनदा त्रासाची खूण पडली, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत ती सवलत थांबवावी. फोन चालू राहील, बोलणं चालू राहील, नंबर तेवढा दिसायला लागेल. यासाठी संसदेत जायची गरज नाही. या सवलतीचा गैरवापर होऊ न देण्याची जबाबदारी परवान्याच्या अटींनी आधीच कंपन्यांवर टाकलेली आहे.